फिट म्हणजे काय विचारलंस ना, मग हे आधी वाच

मस्त विषय धरलायस! फिट म्हणजे लांब बॅलडचा (गोष्ट सांगणाऱ्या जुन्या इंग्रजी गाण्याचा) एक भाग, आपल्या पोवाड्यातला चौक असतो ना तसं काहीसं. नवीन लोक हमखास फिटला कडवं समजतात, तसं नाहीये, कडवं चार ओळींचं आणि एका फिटमध्ये अशी डझनावारी कडवी.

सुरुवात 'अ जेस्ट ऑफ रॉबिन हूड' या रॉबिन हूडवरच्या जुन्या बॅलडपासूनच कर. ८ फिट, ४५६ कडवी, आकडा बघून घाबरू नकोस, एका बैठकीत एकच फिट.

पहिल्या फिटमध्ये कंगाल सरदार सांगतो माझ्याकडे दहाच शिलिंग आहेत, रॉबिनचा साथीदार लिटल जॉन अंगावरचा झगा जमिनीवर पसरून पैसे मोजतो तर खरंच तेवढेच निघतात, आणि मग रॉबिन त्याला ४०० पौंड उसने देतो! ही जागा मोठ्याने वाच, चालीतला ठेका आपोआप कळतो.

बाकी दोन गोष्टी सांभाळ:
- तिसरा फिट अचानक लिटल जॉनकडे वळतो, तो नाव बदलून नॉटिंगहॅमच्या शेरीफकडे (तिथला सरकारी अधिकारी, रॉबिनचा शत्रू) चाकरी करतो. इथे बरेच जण गोंधळून सोडून देतात. तू सोडू नकोस, उसन्या पैशांचं पुढे काय झालं ते चौथ्यात येतं.
- जुन्या स्पेलिंगवर अडू नकोस, फिटचंच स्पेलिंग चार तऱ्हेचं दिसेल. टिपांवाली आवृत्ती घे.

छंद, हस्तलिखितं वगैरे आत्ता नकोच. पहिले दोन फिट झाले की सांग, सरदार कर्ज फेडायला मठाधिपतीसमोर पैसे ओततो तो प्रसंग कसा वाटला ते मला ऐकायचंय.