एफवाय बीएस्सीतून कॉमर्सकडे वळताना

तू लिहिलंयस की दादरजवळच्या कॉलेजात एफवाय बीएस्सीला आहेस, फिजिक्समध्ये मन रमत नाही, बीकॉम नाहीतर बीएमएसला (मॅनेजमेंटच्या पदवीला) जायचंय; आणि बाबांचं म्हणणं, आधी बीएस्सी पूर्ण कर, मग एमबीए कर. मी केमिस्ट्रीत पदवी घेऊन फायनान्समध्ये आले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

'बिझनेसकडे जायचंय' एवढ्यावर निर्णय होत नाही. मॅनेजमेंट, मार्केटिंग असं काही डोक्यात असेल तर बाबांचं बरोबर आहे. राज्याची एमबीए सीईटी (प्रवेश परीक्षा) कुठल्याही शाखेच्या पदवीधराला देता येते, खुल्या वर्गाला पदवीला ५० टक्के हवेत, आणि मुंबईतल्या जमनालाल बजाजसारख्या नामांकित मॅनेजमेंट संस्थेचा रस्ताही त्याच परीक्षेतून जातो. त्यासाठी आज शाखा बदलायची गरज नाही.

पण सीए किंवा अकाउंट्स मनात असेल तर मी म्हणेन, आत्ताच बदल. पात्रतेचा इथे प्रश्न नाही. सीए फाउंडेशन, म्हणजे सीएची पहिली परीक्षा, बारावी सायन्सवाल्यालाही देता येतं, आणि बीएस्सीला ६० टक्के मिळाले तर फाउंडेशन न देता थेट इंटरला, म्हणजे पुढच्या टप्प्याला, नोंदणी होते (बीकॉमला ५५ लागतात). प्रश्न वेळेचा आहे. माटुंग्यात रुईया आणि पोदार अगदी शेजारी, पण सायन्स आणि कॉमर्सच्या मुलांचा दिवस किती वेगळा असतो! बीएस्सीवाल्याची दुपार प्रॅक्टिकलमध्ये आणि संध्याकाळ जर्नल लिहिण्यात जाते. मुंबईत कॉमर्सची लेक्चर्स बऱ्याच ठिकाणी सकाळी सातच्या सुमारास सुरू होतात, त्यामुळे उरलेला दिवस क्लासला आणि पुढे आर्टिकलशिपला (सीएच्या हाताखालच्या उमेदवारीला) मोकळा मिळतो. सायन्सचा फायदाही आहे: फाउंडेशनच्या चार पेपरांपैकी क्वांटिटेटिव्ह ॲप्टिट्यूड तुला जड जाणार नाही.

जड जाईल ते अकाउंट्स. म्हणून फॉर्म भरण्याआधी कॉमर्सच्या एखाद्या मित्राकडून अकरावीचं बुक-कीपिंगचं पुस्तक आण आणि जर्नल एंट्रीची (व्यवहाराच्या डेबिट-क्रेडिट नोंदीची) गणितं स्वतः सोडव. पगार जमा झाला की बँकेचा मेसेज येतो, 'अकाउंट क्रेडिटेड'. पण तुझ्या स्वतःच्या वहीत तीच रक्कम बँक खात्याच्या डेबिटला जाते, कारण बँक तिच्या बाजूने लिहिते: ती तुझी देणेकरी झाली. हे वाचून 'अरे, असं आहे होय!' म्हणत पुढचं पान उलटलंस तर तू इथे टिकशील. नुसता वैताग आला, तर तुला फिजिक्स नकोय एवढंच खरं. मग पोरा, थोडं थांब. बीएमएसचा विचार करतोस तर हेही कळेल, कारण अकाउंट्स तिथेही सुटत नाही.

वर्षाचं म्हणशील तर एफवाय पुन्हा करावं लागेल हे धरूनच चल. मुख्य विषयच वेगळे, त्यामुळे थेट एसवायला बसता येत नाही. तरी दुसऱ्या सेमिस्टरची परीक्षा सोडू नकोस. मिळवलेली क्रेडिट्स (विषय पास झाल्यावर मिळणारे श्रेयांक) अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे तुझ्या नावाच्या ऑनलाइन खात्यात, राहतात. त्यातली भाषेची किंवा ओपन इलेक्टिव्हची (शाखेबाहेरच्या निवडीच्या विषयाची) धरतील का, ते नव्या कॉलेजला विचार.

प्रवेशाचं मुख्य म्हणजे तारखा चुकवू नकोस. बारावीचा निकाल लागला की मुंबई विद्यापीठाची प्रवेशपूर्व ऑनलाइन नोंदणी सुरू होते. तुलाही तीच करावी लागेल आणि मेरिट तुझ्या बारावीच्या गुणांवर लागेल. बीएमएसला २०२४ पासून राज्याची वेगळी सीईटी आहे. मात्र बऱ्याच कॉलेजांनी तो कोर्स बीकॉम (मॅनेजमेंट स्टडीज) या नावाने ठेवलाय आणि तिथे सीईटी लागत नाही. प्रॉस्पेक्टसमध्ये नाव नीट वाच. आणि नव्या कॉलेजच्या यादीत नाव येईपर्यंत सध्याचा प्रवेश रद्द करून लिव्हिंग सर्टिफिकेट परत मागू नकोस. मधल्या मध्ये दोन्हीकडून जायची वेळ येते.

बाबांशी बोलताना 'मला फिजिक्स आवडत नाही' इथून सुरुवात करू नकोस. एका वर्षाची जादा फी किती, सीए करायचं तर कुठल्या वर्षी कुठली परीक्षा, हे एका कागदावर मांडून त्यांच्यासमोर ठेव. तुला नेमकं सीए करायचंय की मॅनेजमेंट, ते इथे कळव. कॉलेजांबद्दल मग बोलू.