मोठ्या माणसानं ठोकळे जोडत बसणं हे बरं लक्षण आहे का?

“मॅडम, हे लेकराच्या खेळण्याशी खेळायलेत. रोज रात्री. डोक्यावर परिणाम झाला नसेल ना?” लातुरातल्या एका ताईंनी हे विचारलं, पण हा घोर एकट्या त्यांचा नाही. कुणाचा नोकरीतला मुलगा, कुणाचा जावई, कुणाची सून जेवणं उरकली की प्लास्टिकचे ब्लॉक्स घेऊन बसते, आणि घरात कुजबुज सुरू होते. मी समुपदेशक आहे; म्हणून या घरातली हकीकत दोघांच्या परवानगीनं मांडते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताईंचे मिस्टर बँकेत पीककर्जाचं काम बघतात. वय ४५ च्या आसपास. स्वतः शेतकऱ्याचा मुलगा; गावाकडची कोरडवाहू जमीन भाऊ कसतो. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यात सोयाबीन पाण्यात गेलं, कित्येकांच्या जमिनी खरडून गेल्या. त्यानंतर थकबाकीदारांच्या यादीवर वसुलीचे फोन करायचं काम यांच्याकडे आलं. समोर बसलेला माणूस आपल्या चुलत्याच्या वयाचा, त्याच्या शेताची अवस्था आपल्याला ठाऊक, आणि तरी त्याला तारीख मागायची. रात्री तीनला जाग यायची ती यायचीच. छातीत दाटून यायचं.

त्या छातीच्या त्रासासाठी मी त्यांना आधी फिजिशियनकडे पाठवलं. ईसीजी झाला, बीपी बघितलं, तिकडून सगळं ठीक असल्याचं कळल्यावरच आम्ही पुढं बोलायला बसलो. ‘टेन्शनच असेल’ असं घरातल्या घरात ठरवून मोकळं होऊ नये, हे मी प्रत्येकाला सांगते.

ब्लॉक्स कसे आले? एका रविवारी आवराआवर करताना दिवाणाखाली मुलाचा जुना डबा सापडला. मुलगा आता आठवीत, त्याला त्यात रस नाही. हे टाकून द्यायचे की कुणाला द्यायचे म्हणून साहेब रंगांप्रमाणे वेगळे करायला बसले आणि बसूनच राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग टीपॉयवर एक भिंत उभी राहिली, तिला दार आलं. ताईंनी थोडे दिवस पाहिलं. एकदा पाहुणे येणार होते, तेव्हा त्यांनी अर्धवट झालेलं सगळं हातानं लोटून डब्यात भरलं. कधी आवाज न चढवणारा माणूस त्या दिवशी ओरडला आणि नंतर दोन दिवस कुणाशी बोलला नाही. ताई घाबरल्या त्या यामुळे. खेळण्यावरून भांडणारा नवरा त्यांनी कधी पाहिला नव्हता.

दोघांशी मी वेगवेगळं बोलले. अशा वेळी माणूस काय खेळतो यापेक्षा मला वेगळ्या गोष्टी जाणून घ्यायच्या असतात. मध्येच कुणी हाक मारली तर उठता का? उठल्यावर मन कसं असतं? कामाला दांड्या पडतात का? किती पैसे गेले, आणि ते घरात सांगितलेत का? जेवण, झोप, पिणं? जगणं नकोसं होतं का, हेही मी आडवळण न घेता विचारते. विचारल्यानं तसला विचार डोक्यात शिरतो अशी भीती लोकांना वाटते. ती खरी नाही. उलट विचारल्यावर माणूस मोकळा होतो.

साहेबांची उत्तरं धीर देणारी होती. मरणाचे विचार नव्हते. अर्धा-पाऊण तास बसायचे, मग उठून मुलाचं गणित घ्यायचे. ज्या रात्री बसायचे, त्या रात्री झोप बरी लागायची. ‘खेळणं’ आणि ‘पळ काढणं’ यातला फरक मी इथेच शोधते. पळ काढणाऱ्याला उठावंसं वाटत नाही, आणि उठल्यावर मागचं ओझं वाढलेलं असतं. विसावा घेतलेला माणूस उठून पुढच्या कामाला हात घालतो. टीपॉयवर ब्लॉक्स आहेत की पत्ते की विणकाम, यानं फारसा फरक पडत नाही.

पण ब्लॉक्सच का, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. “मॅडम, बँकेत दिवसभर राबतो पण झालं असं काहीच नसतं. नवं-जुनं करायचं, म्हणजे जुनं कर्ज फेडल्याचं दाखवून नवं द्यायचं. पुढच्या साली तीच फाईल, तोच माणूस, फक्त आकडा मोठा. एक एप्रिलला टार्गेट पुन्हा शून्यापासून. इथं भिंत बांधली की ती सकाळी तिथंच असते.”

हे ऐकल्यावर मला एक प्रयोग आठवला. वर्तन-अर्थशास्त्रज्ञ डॅन एरिएली आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी तो २००८ मध्ये प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना पैसे देऊन लेगोच्या, म्हणजे एकमेकांत बसणाऱ्या प्लास्टिकच्या तुकड्यांच्या, छोट्या आकृत्या जोडायला दिल्या. प्रत्येक नगामागे मोबदला थोडा कमी होत जायचा. एका गटानं जोडलेल्या आकृत्या समोर टेबलावर तशाच राहायच्या. दुसऱ्या गटाचा विद्यार्थी पुढची आकृती जोडत असताना त्याची आधीची आकृती त्याच्या डोळ्यांदेखत मोडली जायची. दोन्हीकडे पैसे सारखेच, तरी दुसऱ्या गटानं लवकर हात टेकले. केलेलं डोळ्यांसमोर मोडताना पाहिलं की करण्याची उमेदच सरते. साहेबांची नोकरी नेमकी अशी होती. टीपॉयवरची भिंत ही दिवसभरातली एकच गोष्ट, जी कुणी मोडत नव्हतं. आणि नेमकी तीच एका दुपारी मोडली गेली. हे सगळं ताईंसमोर मांडलं तेव्हा त्या म्हणाल्या, “मला वाटलं पसाराच आहे तो.” त्यांच्या जागेवरून तो पसाराच होता. मग घरात एक ठरलं: ज्यानं बांधलं त्यानंच मोडायचं. टीपॉय मोकळा हवा म्हणून एक जुना लाकडी पाट काढला; जे काही बांधायचं ते पाटावर, म्हणजे पाहुणे आले की पाटासकट उचलून आत नेता येतं.

एकदा मी त्यांना डबा घेऊनच यायला सांगितलं. बोलताना त्यांचे हात चालू होते. वरच्या गोल उंचवट्यांवर दुसरा ठोकळा बसतो तेव्हा हलकासा ‘टक्’ आवाज येतो, आणि बोटाला कळतं की बसला. चुकला तर नख घालून काढायचा, पुन्हा लावायचा. चुकीची शिक्षा एवढीच. डब्यात लेगोचे थोडे आणि बाजारातले स्वस्त बरेच असे मिसळलेले होते. स्वस्तातले नीट धरत नव्हते, भिंत डुगडुगायची आणि यांचं कपाळ आठ्यांनी भरायचं. लेगो या डेन्मार्कमधल्या कंपनीनं ठोकळ्याच्या पोटात पोकळ नळ्या घालून पकड घट्ट केली आणि जानेवारी १९५८ मध्ये त्या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्या वेळचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो. हे मी सांगितलं तेव्हा साहेबांना त्याचं फार अप्रूप वाटलं.

ते बांधत होते गावाकडचं माळवदाचं घर: सपाट छप्पर, जाड भिंती, मध्ये चौक. ताईंच्या भावानं लगेच निदान केलं, ‘भाऊजींचं जुनं घर ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात पडलं, तेच मनात बसलंय.’ मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, “सपाट छप्पर सोपं जातं. उतरतं छप्पर करायला तिरपे ठोकळे लागतात, ते डब्यात नाहीत.” मी ते तसंच मानलं. माणूस काय बांधतो यावरून त्याचं मन वाचायचा उद्योग घरच्यांनी करू नये, आणि समुपदेशकानंही जपूनच करावा. सांगायचं असेल तर तो सांगेल. हात कामात असले की बोलणंही सोपं जातं.

अशानं बरं का वाटतं? काळजी करणारं मन घाण्याला जुंपल्यासारखं त्याच त्या गोष्टीभोवती फिरत राहतं. ‘विचार करू नको’ म्हटल्यानं ते थांबत नाही. पण डोळ्यांना तुकडा शोधायचा आहे, बोटांना तो बसवायचा आहे, पुढची ओळ डोक्यात धरायची आहे, इतकं काम दिलं की काळजीला तेवढा वेळ जागा उरत नाही. मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञानं १९७५ पासून अशा तल्लीनतेवर लिहिलं. काम आपल्या कुवतीला साजेसं हवं. फार सोपं असेल तर कंटाळा येतो, फार अवघड असेल तर धास्ती वाटते. ड्रेक्सेल विद्यापीठातल्या गिरिजा कैमल यांच्या २०१६ च्या अभ्यासात ३९ प्रौढांनी ४५ मिनिटं माती, रंग, कोलाज असलं काही हातानं केलं, आणि सुमारे ७५ टक्के लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, उतरलं. त्यात ब्लॉक्स नव्हते. पण चित्रकलेचा फारसा अनुभव नसलेल्यांनाही फायदा झाला, आणि ‘मला जमत नाही’ म्हणणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते.

एक गोष्ट मात्र ताईंनी अगदी योग्य बोलून दाखवली. “यांना तासभर मिळतो. मला कोण देतं?” हा प्रश्न ब्लॉक्सपेक्षा मोठा होता. सासूबाईंचं औषधपाणी, स्वयंपाक, मुलाची शिकवणी सांभाळून त्या दहाला पाठ टेकायच्या. साहेबांचा वेळ ताईंच्या कष्टातून कापलेला असेल तर तो घराला पचणार नाही. आता रात्रीची भांडी आणि आईची गोळी साहेबांकडे, आणि त्या वेळात ताई शेजारणीबरोबर फिरून येतात. त्यांना ब्लॉक्समध्ये काडीचा रस नाही, नसू दे.

पैशाचं विचाराल तर मोठ्यांसाठी म्हणून महागडे संच बाजारात आहेत; लेगोनं २०२० पासून खोक्यांवर १८+ असं छापून मोठ्यांसाठी वेगळी मालिकाच सुरू केली. हप्त्यावर संच घेऊ नका. कर्जाच्या धास्तीवर कर्ज काढून उतारा मिळत नाही. आठ उंचवट्यांचे एकाच रंगाचे फक्त सहा ठोकळे ९१,५१,०३,७६५ प्रकारे जोडता येतात, त्यामुळे घरातला जुना डबा पुष्कळ झाला. चित्रं बघून जोडायचं की मनानं, हे आपल्या थकव्यावर ठरवावं. डोकं शिणलेलं असेल तर सूचनापुस्तिका बरी. पुढं काय, हा निर्णय तरी घ्यावा लागत नाही.

दोन आठवड्यांहून जास्त झोप-जेवण बिघडलेलं असेल, कशातच मन लागत नसेल, दारू वाढली असेल, मरणाची भाषा येत असेल, तर मात्र ब्लॉक्सवर विसंबू नका. मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. १४४१६ या टेलिमानसच्या सरकारी क्रमांकावर दिवसरात्र कधीही फोन करता येतो, तोही फुकट आणि मराठीत बोलता येतं.

साहेबांच्या बाबतीत बँकेतलं ओझं तसंच होतं, ते ठोकळ्यांनी हलणार नव्हतं. त्यावर आम्ही वेगळं काम केलं. वसुलीचे फोन संध्याकाळी सहानंतर करायचे नाहीत, हे त्यांनी शाखाधिकाऱ्यांशी बोलून ठरवून घेतलं. नुकसान झालेल्या खातेदारांना कर्जाच्या पुनर्गठनाची, म्हणजे परतफेडीची मुदत आणि हप्ते नव्यानं बांधून घेण्याची, माहिती नोटिशीच्या आधी द्यायची, हा त्यांचा स्वतःचा आग्रह. त्यासाठी ते आता गावोगाव जातात. तीनला जाग अजून कधीकधी येते. मार्चएंडच्या आधी त्यांनी पुन्हा वेळ घेतली आहे, आणि या वेळी ताईही सोबत येणार आहेत.