वाचक विचारतात: क्वासारचे शेजारी ओळखायचे कसे?

प्रश्न: क्वासारच्या (महाकाय कृष्णविवरात वायू पडल्यामुळे झळाळणाऱ्या, दीर्घिकेच्या गाभ्याच्या) फोटोत भोवती दिसणाऱ्या पुसट दीर्घिका खरोखर त्याच्या शेजारच्या असतात, की नुसत्या त्याच दिशेला?

उत्तर: नुसत्या फोटोवरून ते सांगता येत नाही. बऱ्याच दीर्घिका पुढेमागे असतात. प्रत्येकीचा वर्णपट घेऊन ताम्रच्युती, म्हणजे रेडशिफ्ट (प्रकाश तांबड्या बाजूला किती सरकला ते; ती जितकी जास्त, तितकं अंतर जास्त), मोजावी लागते. खगोलशास्त्रज्ञ ॲलन स्टॉकटन यांनी १९७८ साली हेच केलं आणि क्वासारलगतच्या काही दीर्घिकांची ताम्रच्युती क्वासारशी जुळली. क्वासार खरोखरच दूर आहेत याचा तो भक्कम पुरावा ठरला. (क्वासारच्या ताम्रच्युतीवरून अंतर काढण्याबद्दल शंका घेणारे खगोलशास्त्रज्ञ हॅल्टन आर्प आणि आपले जयंत नारळीकर यांचं तेवढ्याने समाधान झालं नाही, ही गोष्ट वेगळी.)

समजा, क्वासारची ताम्रच्युती ०.५ आहे. तिथे आकाशातली १ कला (अंशाचा साठावा भाग) म्हणजे सुमारे १२ लाख प्रकाशवर्षं. एवढ्या वर्तुळातल्या ज्या दीर्घिकांच्या वेगात (तो ताम्रच्युतीवरूनच निघतो) क्वासारपेक्षा फार तर ५०० ते १००० किमी/सेकंदांचा फरक आहे, त्या शेजारी धराव्यात. रंगांवरून काढलेली ताम्रच्युती इथे कामाची नाही. तिच्यात ३ टक्के चूक धरली, तरी वेगात ९००० किमी/सेकंदांचा घोळ होतो आणि भलत्याच दीर्घिका यादीत शिरतात.

खरी फसगत क्वासारच्या स्वतःच्या ताम्रच्युतीत होते. दूरच्या क्वासारांची ताम्रच्युती पुष्कळदा वर्णपटातल्या कार्बनच्या १५४९ अँगस्ट्रॉम तरंगलांबीच्या रुंद रेषेवरून काढतात. ही रेषा आपल्या दिशेने येणाऱ्या वायूमुळे निळ्या बाजूला सरकलेली असते, कधी कधी १००० किमी/सेकंदांहूनही जास्त. मग खरे शेजारीच यादीतून गळतात! शक्य असेल तिथे मॅग्नेशियमची २८०० ची, किंवा ऑक्सिजनची ५००७ ची अरुंद रेषा वापरावी.

स्लोन सर्वेक्षणाची (लाखो दीर्घिका आणि क्वासारांचे वर्णपट घेणाऱ्या प्रकल्पाची) आकडेवारी वापरणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: त्याच्या मूळ वर्णपटमापकात एका प्लेटवर प्रकाश टिपणारे दोन फायबर ५५ विकलांहून (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) जवळ बसत नसत. म्हणजे नेमके सर्वांत जवळचे शेजारी सुटतात.

प्रश्न: मोठ्या गुच्छांत दीर्घिकांची एवढी दाटी असते, मग क्वासार तिथे जास्त का सापडत नाहीत?

उत्तर: कारण वेग. मोठ्या गुच्छात दीर्घिका १००० किमी/सेकंदांच्या आसपास धावतात, एकमेकींजवळून निघून जातात, विलीन होत नाहीत. त्यांच्यातला थंड वायूही ओरबाडला जातो. छोट्या समूहात वेग २००-३०० किमी/सेकंद. तिथे विलीनीकरण होतं आणि वायू केंद्राकडे घसरतो. रेडिओ लहरींत तेजस्वी असलेले क्वासार मात्र सरासरीने जास्त दाटीत आढळतात. आरंभीच्या विश्वातही अशी ठिकाणं आहेत: २०२३ मध्ये वेब दुर्बिणीला एका क्वासारसह १० दीर्घिकांची ३० लाख प्रकाशवर्षं लांबीची माळ दिसली, महास्फोटानंतर अवघ्या ८३ कोटी वर्षांनीची.

क्वासारभोवती खरंच जास्त दाटी आहे का, हे पाहायला तुलनेसाठी सामान्य दीर्घिका निवडताना त्यांचं वस्तुमान क्वासारच्या यजमान दीर्घिकेइतकंच (ज्या दीर्घिकेत तो आहे तिच्याइतकंच) घ्या. नाहीतर गर्दी जमवते जड दीर्घिका आणि श्रेय जातं क्वासारला.