छातीत आणि डाव्या हातात दुखतं. ईसीजी नॉर्मल, पण हिमोग्लोबिन ८, एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) ६८, प्लेटलेट ५.२ लाख. पुढे काय तपासावं?

आधी हृदय. एक ईसीजी नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होऊ नका. ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते दाखवणारी रक्तचाचणी) काही तासांच्या अंतराने दोनदा करतात. आत्ता दुखत असेल, घाम किंवा धाप असेल, तर वाट न बघता १०८ ला फोन करा.

हिमोग्लोबिन इतकं कमी असलं की हृदयाला ऑक्सिजन अपुरा पडतो आणि त्यानेही छाती भरून येते, विशेषतः जिना चढताना. तुमचे आकडे लोहाच्या कमतरतेकडे बोट दाखवतात. तीत प्लेटलेट वाढलेल्या दिसतात. लोहाच्या गोळ्या सुरू करण्याआधी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि पेरिफेरल स्मिअर (सूक्ष्मदर्शकाखाली रक्तपेशींची तपासणी) करून घ्या. मग रक्त जातंय कुठे ते शोधा: पाळी, मूळव्याध, अल्सर. शौचाला डांबरासारखं काळं होतं का, हे डॉक्टरांना न लाजता सांगा. आणि दुखतंय म्हणून मनाने डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामक गोळी घेऊ नका, पोटातला रक्तस्राव वाढू शकतो.

पांढऱ्या पेशीही बिघडलेल्या असतील तर हिमॅटॉलॉजिस्टना (रक्तविकारतज्ज्ञांना) दाखवा.