साडेतीन हजारांचं मल्टीटूल घ्यावं की सुतार बोलवावा?

नाशकातल्या पाथर्डी फाट्याहून एका वाचकाने विचारलंय: जुना टू बीएचके घेतला आहे. पावसात पाच दारं फुगून खाली घासतात, ओट्याखालच्या प्लायमध्ये पाइप आणि सॉकेटसाठी कापून जागा करायची आहे, दोन बाथरूमच्या टाइल्सच्या फटा काळ्या पडल्यात. सुतार आणि गवंडी मिळून 5,200 रुपये सांगतात: दारांचे 1,500, ओट्याचे 700, बाथरूमचे मालासकट 3,000. ऑनलाइन एक ऑसिलेटिंग मल्टीटूल 3,400 ला आहे. क्रेडिट कार्डावर सहा हप्ते, 'नो कॉस्ट ईएमआय'. म्हणजे 1,800 वाचतात आणि मशीन घरात राहतं. घेऊ का? जाता जाता त्यांनी हेही लिहिलंय, की कार्डावर फ्रिजचे 22,000 थकलेत आणि बचत खात्यात 60,000 आहेत.

घ्या. पण तुम्ही मांडलेल्या हिशोबासाठी नाही, आणि त्या कार्डावर तर मुळीच नाही.

आधी मशीनचं बघू. याचं पातं गोल फिरत नाही, साधारण तीन अंशांच्या आत मिनिटाला पंधरा-वीस हजार वेळा थरथरतं. फाइन या जर्मन कंपनीने 1967 मध्ये असं मशीन काढलं ते प्लास्टर कापायला, सुतारांसाठी नव्हे, हाडांच्या डॉक्टरांसाठी! पातं थरथरत असल्यामुळे कडक प्लास्टर कापलं जातं आणि खालची कातडी वाचते. पुढे पेटंटची मुदत संपली, बाकीच्या कंपन्या उतरल्या, म्हणून आज हे तुमच्या बजेटात आलंय. याची खरी करामत म्हणजे बसवलेल्या प्लायच्या मधोमध चौकोन कापणं, भिंतीला चिकटून असलेला पीव्हीसी पाइप छाटणं, कोपऱ्यात पॉलिश पेपर मारणं. लांब सरळ कापायला मात्र ते कंटाळवाणं आहे.

तुमच्या यादीतलं ओट्याचं काम म्हणजे याचंच काम. दारांचं तसं नाही. अडीच फूट दाराची खालची कड याने सरळ निघणं कठीण. दार उतरवून रंधा मारणारा सुतारच बरा. आणि तोही आत्ता नको. गंगापूर धरण भरतं तेव्हा नाशकातली लाकडी दारंही फुगतात, दिवाळीपर्यंत बरीचशी आपोआप बसतात. ऐन पावसात घासलेल्या दाराखाली उन्हाळ्यात बोटभर फट दिसते. पाचातली दोनच दारं खरी घासत असतील, तर 1,500 चे 600 होतात.

बाथरूमच्या फटांसाठी कार्बाइडचं पातं लागतं. ते झिजतं, आणि मशीनसोबतच्या डब्यात असलंच तर एखादंच असतं. लाकडाचं साधं पातं लपलेल्या खिळ्याला लागलं की दात गेलेच. तिथे बायमेटल हवं. पाती 1,000, नवा ग्राउट (फटा भरायचा मसाला) 400, गॉगल आणि एन-95 मास्क 300 धरा. (मास्क वगळू नका, टाइल्सच्या धुळीत सिलिका असते.) झाले 1,700. तुमच्या 1,800 मधले उरले शंभर, दारांचे सुताराला द्यायचे ते वेगळेच, त्यात दोन रविवार आणि बधिर झालेले हात. खालच्या फ्लॅटच्या छताला ओल दिसत असेल तर फटा भरून काही होणार नाही, ते वॉटरप्रूफिंगचं काम आहे.

मग 'घ्या' का म्हणतो? कारण अर्ध्या तासाच्या कामाला मिस्त्री येत नाही. येतो म्हणतो, येत नाही, आणि आला तर पूर्ण फेरीचे पैसे मागतो. त्यातून 2027 चा सिंहस्थ तोंडावर असताना शहरात कामांची कमी नाही. जुन्या फ्लॅटमध्ये असली बारीक कामं वर्षभर निघत राहतात. तिथे हे मशीन हळूहळू पैसे फेडेल. महागड्या ब्रँडकडे जायचं कारण नाही, तुम्ही काही रोज आठ तास ते चालवणार नाही. वायरचंच घ्या, स्वस्त बॅटरीवाल्यात बॅटरी गेली की मशीन भंगारात. पाती साध्या खाचेची बसतात का ते बघा. स्टारलॉक या वेगळ्या खाचेची पाती साध्या मशीनला बसत नाहीत. अंबड-सातपूरच्या टूल्सच्या दुकानात भाव विचारा, पाती हातात घेऊन बघता येतात. आणि सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकू नका, नाहीतर मशीन तुमचं राहणार नाही.

आता कार्ड. थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्के धरले तर 22,000 वर 770 रुपये व्याज, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे 900. चार महिन्यांत या मशीनची किंमत निघून जाते आणि हाती पातंसुद्धा येत नाही. शिवाय थकबाकी असताना नव्या साध्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. व्याज पहिल्या दिवसापासून. 'नो कॉस्ट' हप्त्यातही बहुधा प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी तुमच्याच माथी येतो.

म्हणून याच आठवड्यात बचत खात्यातून 22,000 भरून कार्ड शून्यावर आणा. त्या खात्यावर वर्षाला जेमतेम अडीच-तीन टक्के मिळतात. उरलेले 38,000 आणीबाणीसाठी, त्यांना हात लावू नका. पुढच्या महिन्यात व्याजाचे 900 वाचतील, त्यात पगारातले अडीच हजार घाला आणि मशीन यूपीआयने घ्या. पहिला कट ओट्याखाली, मागून वायर जात नाही याची खात्री करून. गवंड्याला तूर्त एकाच बाथरूमचा भाव विचारा. दुसरं स्वतः करून बघा.