जर्मनीत व्हिसा संपायच्या आत अपॉइंटमेंट मिळाली नाही तर काय होतं? नागपुरातूनच एजंट लावून जावं का?

आधी धास्ती कमी करतो. अपॉइंटमेंट व्हिसा संपल्यानंतरची मिळाली म्हणून कोणी तुम्हाला विमानात बसवून परत पाठवत नाही. अर्ज मात्र व्हिसा संपायच्या आत पोचलेला पाहिजे, आणि पोचला हे दाखवणारा कागद तुमच्या हातात पाहिजे. एजंटचं नंतर सांगतो.

तुम्ही लिहिलंय की मास्टर्सची ॲडमिशन झाली, ऑक्टोबरला निघायचंय, व्हिसा सहा महिन्यांचा मिळेल असं ऐकलंय आणि तिथल्या एका सीनियरनं "अपॉइंटमेंटच मिळत नाही" म्हणून घाबरवून ठेवलंय. सीनियर खोटं बोलत नाहीये. मी २०१८ च्या सप्टेंबरात नागपूरच्या मानेवाड्यातून थेट तिकडे गेलो, तेव्हा माझा व्हिसा तीनच महिन्यांचा होता, २० डिसेंबरला संपणारा. तेवढ्या वेळात तिथल्या आउसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे परदेशी लोकांच्या ऑफिसात जाऊन पुढचा राहण्याचा परवाना घ्यायचा असतो. ऑक्टोबरच्या मध्यात मी ऑनलाइन तारीख बघितली. सगळ्यात जवळची मिळाली १७ जानेवारी. बोटावर मोजलं, चार आठवडे कमी पडत होते. तरी मी गप्प बसलो, कारण डोक्यात आपलं गणित पक्कं: नंबर लावलाय ना, मग झालं.

डिसेंबर लागला तसा धीर सुटला. घरी काही सांगितलं नव्हतं, पण बाबांना फोनवर कळलंच. "काऊन बाप्पा, आवाज असा काऊन येऊन राहिला तुझा?" थंडी आहे म्हणालो.

थंडी होतीच. बिना अपॉइंटमेंटच्या लोकांना सकाळी आठला थोडे टोकन देतात असं कोणीतरी सांगितलं, म्हणून सहालाच जाऊन उभा राहिलो. माझ्यापुढे अकरा लोक होते. सगळ्यात पुढे एक सीरियन काका घडीची खुर्ची टाकून, मांडीवर थर्मास ठेवून बसले होते. माणूस किती वेळा आला असेल ते त्या खुर्चीवरून कळत होतं. मी कॉलेजचेच कॅनव्हासचे बूट घालून गेलो होतो. सात वाजेपर्यंत पायाची बोटं आहेत की नाही ते कळेना.

त्या रांगेत मला आमच्या इंजिनिअरिंगचा सुदानचा एक वर्गमित्र आठवला. आपल्याकडेही १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर येणाऱ्या परदेशी माणसाला आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करावी लागते, आणि नागपुरात हे काम पोलिसांकडे आहे. हे मला तोपर्यंत माहीतही नव्हतं. मी त्याला ॲक्टिव्हावर मागे बसवून घेऊन गेलो होतो. त्याच्या हातात वीतभर जाड फाइल होती, प्रत्येक कागदाच्या तीन-तीन झेरॉक्स. "यार, घर विकायला चाललास का?" म्हणून मी रस्ताभर त्याची मजा घेतली होती.

आठ वाजता दार उघडलं. बाई बाहेर आल्या, दहा टोकन वाटले आणि एक लांबलचक वाक्य बोलून आत गेल्या. मला त्यातला एकच शब्द कळला, टेर्मीन. म्हणजे अपॉइंटमेंट. ती तर माझ्याकडे होती!

सुटका केली ती अमरावतीच्या एका ताईनं. ती तिथे पीएचडी करत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अर्ज कुठाय तुझा?"

"अपॉइंटमेंट घेतली ना."

"अरे, अपॉइंटमेंट म्हणजे अर्ज नव्हे. ती नुसती भेटीची वेळ झाली."

तुम्हीही हे पाठ करून ठेवा. जर्मनीच्या राहण्याच्या कायद्यातलं कलम ८१, उपकलम ४ सांगतं की तुम्ही परवाना संपायच्या आत पुढचा मागितला, तर निर्णय होईपर्यंत जुनाच चालू धरायचा. मागितला म्हणजे अर्ज पोचला. त्याच संध्याकाळी तिच्या खोलीत बसून आम्ही फॉर्म भरला. पासपोर्ट, युनिव्हर्सिटीचं पत्र, विमा, पैशांचा पुरावा, पत्त्याच्या नोंदणीचा कागद, सगळ्याच्या कॉपी जोडल्या. एक संच ईमेलनं पाठवला, एक रजिस्टर्ड पोस्टानं. पोस्टाची पावती आणि ईमेलची प्रिंट दोन्ही पासपोर्टच्या कव्हरमध्ये. आता बऱ्याच शहरांत ऑनलाइन फॉर्म आहे आणि तो भरला की पोच येते; ती पोच लगेच पीडीएफ करून ठेवा, नंतर लिंक उघडेलच याचा भरवसा नाही.

यानंतर जो कागद मिळतो त्याचं नाव फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग. जीभ अडखळली तरी चालेल, नाव लक्षात ठेवा. अर्थ साधारण "असं धरून चालल्याचा दाखला". शाळेत "समजा, ती संख्या क्ष आहे" म्हणायचो ना, तसंच: समजा, ह्या माणसाचा परवाना अजून चालू आहे. फी १३ युरो. हक्क मिळतो तो वेळेत केलेल्या अर्जामुळे, दाखला फक्त त्याचा पुरावा. म्हणून दाखला उशिरा आला तरी तुम्ही बेकायदा होत नाही. विद्यार्थ्याला पार्टटाइम कामाची जी मुभा असते तीही चालूच राहते. माझ्या वेळी वर्षाला १२० पूर्ण दिवस काम करता यायचं, २०२४ पासून १४० झालेत. बँकवाला किंवा मॅनेजर कागद मागतो तेव्हा मात्र दाखला लागतोच, तेव्हा मागून घ्या.

घरी यायचं असेल तर त्या दाखल्यावर कोणत्या चौकोनात खूण आहे ते बघा. उपकलम ४ वर असेल तर जर्मनीबाहेर जाऊन परत येता येतं. उपकलम ३ वर असेल तर त्या कागदावर परत येता येत नाही. ते मुख्यतः व्हिसाशिवाय आलेल्यांसाठी आहे, पण चुकीच्या चौकोनात खूण पडलीच तर काउंटरवरच दुरुस्त करून घ्या. मी फेब्रुवारीत बहिणीच्या लग्नाला आलो. परतताना मुंबईत चेक-इनला अडकलो, कारण पासपोर्टातला व्हिसा संपलेला आणि हा घडीचा कागद तिथल्या मुलीनं आधी कधी पाहिलेला नव्हता. तिनं फोन फिरवले, साहेबांना बोलावलं. पाऊण तास गेला. काही वाईट झालं नाही, पण काचेपलीकडे उभ्या असलेल्या आईचा चेहरा मी बघत होतो. तुम्ही वेळ हातात ठेवून जा.

आणि अर्ज उशिरा गेला तर? मग जुना परवाना आपोआप चालू राहत नाही. फारच अन्याय होत असेल तर अधिकारी जुना परवाना चालू धरू शकतो, पण ते त्याच्या हातात. त्या वाटेला जाऊच नका.

आता माझी दुसरी चूक. १७ जानेवारीला आत गेलो तर माझी फाइल बघणाऱ्या अधिकारी बाईंनी टेबलावर एक पाकीट ठेवलं. माझ्याच नावाचं, परत आलेलं. विम्याचा एक कागद कमी होता म्हणून त्यांनी डिसेंबरातच पत्र पाठवलं होतं. मी दुसऱ्याच्या फ्लॅटमध्ये पोटभाडेकरू होतो आणि खालच्या पेटीवर फक्त त्याचं आडनाव. आपल्याकडे "हनुमान मंदिरामागे, पिवळ्या गेटच्या बाजूला" एवढ्यावर पत्र येतं. तिथे पत्त्यात बहुतेक वेळा फ्लॅट नंबरच नसतो, पोस्टमन पेटीवरचं आडनाव बघतो. नाही दिसलं की पत्र परत. मी त्याच दिवशी चिठ्ठी लिहून सेलोटेपनं चिकटवली. तुम्ही खोलीची चावी मिळाली त्या दिवशी चिकटवा, सामान नंतर उघडा. माझ्या वेळी परवान्याच्या कार्डाचं पिनपत्रसुद्धा त्याच पेटीत यायचं.

खोली मिळाल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते. त्याला घरमालकाच्या सहीचा एक छोटा फॉर्म लागतो. "राहा, पण नोंदणी करू नको" म्हणणारा घरमालक मिळाला तर ती खोली घेऊ नका, कितीही स्वस्त असो. नोंदणी नाही तर परवाना नाही.

नावाचंही ऐका. माझ्या पासपोर्टात गिव्हन नेमच्या रकान्यात माझं आणि बाबांचं अशी दोन्ही नावं आहेत, आपल्या बऱ्याच जणांची असतात. भाडेकरारात मी फक्त स्वतःचं लिहिलं होतं. काउंटरवर बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवून विचारलं, ही दोन वेगळी माणसं आहेत का? बँक, विमा, करार, युनिव्हर्सिटी, सगळीकडे पासपोर्टात आहे तसंच्या तसं नाव द्या. बाबा आपल्यासोबत जर्मनीत येतात असं समजा.

बऱ्याच ठिकाणी आडनावाच्या पहिल्या अक्षरावरून तुमचा अधिकारी ठरतो. त्यामुळे "माझ्या मित्राला तर हा कागद मागितला नाही" हे वाद घालायला उपयोगाचं नाही. त्याचं अक्षर वेगळं, साहेब वेगळा. आणि ते जर्मनमध्येच बोलतील. इंग्रजी येत असलं तरी. तो उद्धटपणा नाही, सरकारी कामाची भाषा जर्मन असं त्यांच्या कायद्यातच लिहिलंय. जर्मन येणारा कोणी सोबत नेला तर चालतं. आवाज चढवून, ओळख सांगून काही हलत नाही. कागद पूर्ण असला की तोच अधिकारी दहा मिनिटांत मोकळं करतो.

पैशांचा पुरावा परवाना वाढवतानाही लागतो, हे बरेच जण विसरतात. माझ्या वेळी ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे आधी पैसे भरून दर महिन्याला ठरावीकच काढता येतात त्या खात्याला, वर्षाचे ८,६४० युरो लागायचे; सप्टेंबर २०२४ पासून ११,९०४ झालेत, महिन्याला ९९२. घरच्यांना पहिल्या वर्षाबरोबर दुसऱ्या वर्षाचंही आत्ताच सांगून ठेवा.

आता एजंट. माझं मत स्पष्ट आहे, लावू नका. तिथल्या ऑफिसात नागपूरच्या एजंटचा काहीही हात पोचत नाही. मी लावला होता. शहरातल्या एका कन्सल्टन्सीनं माझ्या सगळ्या मार्कशीटवर अपोस्टील, म्हणजे कागद परदेशात खरा धरावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का, करून घ्यायला लावलं, "जर्मनीत याच्याशिवाय उभंच करत नाहीत" म्हणून. भारत अपोस्टीलच्या आंतरराष्ट्रीय करारात २००५ मध्ये सामील झाला हे खरं, पण जर्मनीनं भारताच्या सहभागावर हरकत घेतलेली आहे, त्यामुळे आपलं अपोस्टील तिथे चालतच नाही. ते स्टिकर लावलेले कागद अजून आईच्या कपाटात आहेत. त्यावर किती पैसे गेले ते बाबा दर दिवाळीला नव्यानं सांगतात.

तुम्हाला जे खरोखर लागतं ते एपीएस सर्टिफिकेट, म्हणजे तुमचे शिक्षणाचे कागद खरे असल्याचा दाखला, नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना सक्तीचं. त्याचा अर्ज स्वतः भरता येतो. व्हिसाचा फॉर्मही फक्त लक्ष देऊन भरावा लागतो, आणि आता जास्तच लक्ष द्या. पूर्वी नकार आला तर वकिलातीकडेच फेरविचाराची विनंती करता यायची, ती सोय १ जुलै २०२५ पासून बंद झाली. आता नकार आला की नवा अर्ज, नाहीतर बर्लिनचं कोर्ट. एजंटची "गॅरंटी" तिथे काय कामाची?

फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा लागतो. आणि सीताबर्डीच्या स्टुडिओत "भाऊ, चेहरा गोरा करू नका" हे दोनदा सांगा. मी एकदाच सांगितलं होतं.

शेवटचं काम आजच करा, कारण ते तिकडून जमवणं कठीण जातं. जन्मदाखला काढून बघा. आपल्या वयाच्या बऱ्याच लोकांच्या दाखल्यात बाळाच्या नावाच्या जागी नुसती रेघ असते. बारसं व्हायच्या आधीच नोंद झालेली, नंतर कोणी नाव घालायला गेलंच नाही. माझ्याही दाखल्यात रेघच होती. ते कळलं तिकडे मुलगी झाली तेव्हा, कारण तिच्या नोंदणीला आई-बाप दोघांचे दाखले मागितले. मग बाबा माझी शाळेची टीसी घेऊन महापालिकेच्या झोन ऑफिसात गेले आणि वयाच्या तिसाव्या वर्षी माझं नाव ठेवून आले.