‘पेटली नाही’ की ‘पेटेना’?

प्रश्न असा: जिवावरच्या संकटातून वाचलेल्या माणसाच्या आठवणी मराठीत आणताना ‘काडी पेटली नाही’ लिहावं की ‘काडी पेटेना’? अर्थ एकच असेल, तर दुसरं वाक्य वाचताना धाकधूक का होते?

अर्थ एकच नाही. ‘पेटली नाही’ हा निकाल आहे. प्रयत्न संपल्यावर बाहेरून दिलेला. ‘पेटेना’ म्हटलं की काडी ओढली जातेय, विझतेय, पुन्हा ओढली जातेय. ‘शेवटपर्यंत पेटली नाही’ हे वाक्य सहज चालतं, ‘शेवटपर्यंत पेटेना’ कानाला खटकतं, कारण या रूपाला शेवट माहीतच नसतो. म्हणून ‘काडी पेटेना’ ऐकलं की आपण लगेच विचारतो, ‘मग?’

या प्रकारच्या लेखनाला हे रूप फार मोलाचं आहे. सांगणारा वाचला, हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असतं. ‘जगेल का?’ यावर ताण उभा राहूच शकत नाही. तो उभा करावा लागतो गाठ सुटेल का, पाय उचलेल का, अशा हातभर अंतरावरच्या प्रश्नांवर.

ध्रुवसंशोधक अर्नेस्ट शॅकलटन यांच्या दक्षिण ध्रुवीय मोहिमेतली १९१६ची होडीयात्रा घ्या. ‘एन्ड्युरन्स’ जहाज बर्फात चिरडून बुडालेलं. २२ जण एलिफंट बेटावर थांबले आणि सहा जण २४ एप्रिलला ‘जेम्स केअर्ड’ नावाच्या जेमतेम सात मीटरच्या होडीतून सुमारे ८०० सागरी मैलांवरच्या दक्षिण जॉर्जियाकडे निघाले. ८ मेला जमीन दिसली, पण वादळामुळे पाय टेकले ते १० मेला. पिंपातलं पाणी खारावलेलं, घसे सुकलेले. इथे ‘किनाऱ्याला लागता आलं नाही’ लिहिलं तर दोन दिवस एका ओळीत मिटतात. ‘किनारा दिसत होता, पण होडी लागेना’ लिहिलं की दोन उघडी क्रियापदं शेजारी येतात आणि वाचक होडीतच अडकतो. बेटावरचे २२ जणही ३० ऑगस्टला सुटले, हे आधीपासून माहीत असूनही.

पण ‘‑ेना’ची रांग लावली की ती बोथट होते. दोन, फार तर तीन. मग साधा भूतकाळ यायलाच हवा. त्याच प्रवासात उडणारं पाणी होडीवर गोठून थर चढत होते. तो प्रसंग मी असा मांडेन:

‘होडी लाटेवर चढेनाशी झाली. थर फोडायला घेतला, तो फुटेना. जादा वल्ही टाकली, तरी होडी हलकी होईना. मग दोन स्लीपिंग बॅगाही समुद्रात टाकल्या.’

पहिल्या वाक्यातलं ‘चढेनाशी झाली’ मुद्दाम आहे. ‘‑ेनासा होणे’ म्हणजे आतापर्यंत जमत होतं, ते हातचं गेलं. ‘किनारा दिसेना’ म्हणजे शोधतोय, सापडत नाही. ‘किनारा दिसेनासा झाला’ म्हणजे होता तो गेला. आणि ‘बघवेना’ तिसरंच: दिसतंय, पण मनाला सोसत नाही. धुक्याच्या वर्णनात अनुवादक ‘बघवेना’ लिहून जातात, तेव्हा सगळा प्रसंगच भलतीकडे वळतो.

निर्जीव वस्तूला हे रूप लावलं की ती अडून बसल्यासारखी वाटते. ‘पोरगं जेवेना’, ‘घोडा हलेना’ यांतला हट्ट ‘गाठ सुटेना’मध्येही उतरतो. ‘निर्दय थंडी’, ‘क्रूर समुद्र’ अशी विशेषणं मग लागत नाहीत. मी तरी ती सरळ गाळेन.

प्रथमपुरुषात मात्र जपून. ‘मी चालेना’ म्हटलं तर मीच नकार दिला असं वाटेल. शरीर साथ देत नाही हे सांगायला शक्य क्रियापद हवं: ‘मला चालवेना’, ‘माझ्याने दोर धरवेना’, ‘घास गिळवेना’. ‘मी चालू शकलो नाही’ व्याकरणाने शुद्ध आहे, पण तोही पुन्हा निकालच.

‘तो जाई’सारख्या रूपाला ‘ना’ लागून ‘जाईना’ होतं, म्हणून शक्य क्रियापद सोडलं तर कर्ता प्रथमेतच राहतो: ‘तो ऐकेना’; ‘त्याने ऐकेना’ चूक. अनेकवचनात ‘त’ लागतो: ‘गाठी सुटेनात’, ‘डोळे उघडेनात’. छापील मजकुरात हल्ली हा ‘त’ सर्रास गळतो आणि मला ते खुपतं, कारण ‘बोटं हलेनात’ यातला तो शेवटचा त दहाही बोटांचं आखडणं एकदम ऐकवतो. ‘‑नासा’ तर लिंग-वचनाप्रमाणे बदलतो: वाट दिसेनाशी, दिवे दिसेनासे, बोटं जाणवेनाशी.

ताणासाठी सगळं प्रकरण वर्तमानकाळात लिहिण्याची पद्धतही आहे: ‘मी चढतो, पाय घसरतो’. चार ओळींपुरतं ठीक. पुढे ते सामन्याच्या समालोचनासारखं वाटू लागतं. ‘‑ेना’ भूतकाळात राहूनच क्षण उघडा ठेवतो.

एक सापळा प्रयोजक क्रियापदांचा. ‘मला उठवेना’ म्हणजे माझ्यात उठायचं बळ नव्हतं. ‘तो मला उठवेना’ म्हणजे तो मला जागं करायला तयार नव्हता. बर्फात झोपलेल्या दोघांच्या प्रसंगात एका ‘तो’ने सोबती दगाबाज ठरतो, तेव्हा तिथे ‘मला उठता येईना’ लिहिलेलं बरं.